पांढरीच्या डोक्यावरचं कुंकू

मागच्या सोमवारी मी मायच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली. बसवायला आलेल्या माणसानं दोनदा विचारलं, "बेन, अंदरसे के बाहरसे?" मी म्हटलं, बाहरसे. त्यानं मग माझ्याकडे पाहिलं नाही. ड्रिल चालवलं, चार स्क्रू आवळले, भुसा फुंकरीनं उडवला आणि गेला. माय आत पलंगावर बसून तो आवाज ऐकत होती. तिला वाटलं, माझ्या वडलांचं, आबांचं, कापड विणायचं लूम सुरू झालं.

काय करणार होते मी? महिन्याभरात ती दोनदा घरातून निघून गेली. दुसऱ्या वेळी चार तास सापडली नाही. डिंडोलीच्या या फ्लॅटमधून चालत चालत ती बमरोलीला पोचली होती, आमची जुनी खोली होती त्या गल्लीच्या तोंडाशी. एका टेम्पोवाल्यानं तिला कडेला बसवून पाणी दिलं म्हणून बरं. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही. त्या चार तासांत माझं काय झालं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. रस्त्यात कुठं गर्दी दिसली की मी माणसं बाजूला सारत आत घुसायची. वाटायचं, मधे तीच पडलेली असणार. मी सकाळी साड्यांच्या पॅकिंगला जाते, दुपारी दीडला येते. तेवढ्या वेळाची कडी. कामरेजहून धाकट्या बहिणीचा, सुमीचा, फोन आला तर ती म्हणाली, "ताई, बरं केलंस गं. निदान जिवाला घोर नाही."

पण घोर गेला नाही. गुरुवारी मायला अंघोळ घालताना तिच्या डाव्या हातावर लाल चट्टा दिसला. घामोळं असेल म्हणून हळद लावली. शनिवारी तीन चट्टे झाले, आणि एकातून रक्त येत होतं. ती आपल्याच नखांनी टोकरत बसत होती. मी हात धरला की थांबायची, सोडला की पुन्हा सुरू. "माय, असं का करतेस?" तर ती दाराकडे बघायची.

काल मऊ जुनी गोधडी हवी म्हणून माळ्यावर चढले. गोधडीखाली एक लाकडी चौकट हाताला लागली, तिला जाळी मारलेली. जाळी गंजून तपकिरी झालेली, एका बाजूला छोटी लोखंडी कडी. आमच्या खुराड्याचं दार. माय काही टाकत नाही. या दारावर तिनं पुढं कितीतरी वर्षं कुरडया वाळवल्या. मी नाकाजवळ नेलं. खरं तर गंजाशिवाय कसलाच वास नव्हता, पण मला आला. कोंबडीच्या पंखांखालचा उबदार, आंबूस, जरा पिठासारखा वास. आणि त्याच्या मागून भीती आली, नऊ वर्षांच्या पोरीची, जशीच्या तशी. मी शिडीवरच बसून राहिले.

बमरोलीच्या त्या खोलीत जागं होताना आधी लूमची खडखड यायची आणि मग उजेड. सुताला लावलेल्या खळीचा वास भिंतींना मुरलेला. आबा पाळी संपवून यायचे ते भुवयांवर सुताचे पांढरे तंतू घेऊनच. मला ते काढायला फार आवडायचं. माय ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायची, तव्यावर मिरची भाजली की अख्खी गल्ली खोकायची. खोलीमागं एक मोकळा तुकडा होता. त्यात एक शेवग्याचं झाड आणि आमच्या सात कोंबड्या. पांढरी, तांबडी, काळी, कवडी, अजून अंड्यावर न आलेल्या दोन तलंगा आणि एक म्हातारी, जिची अंडी कधीच बंद झाली होती पण जिला कापायचा विषय माय काढू देत नसे. दुपारी त्या शेवग्याखाली मातीत खड्डे करून लोळायच्या, पंख पसरून, डोळे मिटून. मला वाटायचं, त्यांचं बरं आहे बाई.

मग एक दिवस त्या तुकड्याभोवती भिंत आली. तिथं लूम बसणार होते. शेवगा पडला. आबांनी सुताच्या मोठ्या रिळांची, कोनांची, तीन लाकडी खोकी आणून जिन्याखाली खुराडा ठोकला, ओट्याच्या कडेला. खरा तो तीन कोंबड्यांपुरताच. "सध्या राहतील," आबा म्हणाले. सध्या सात राहिल्या. एक उठली की दुसरीवर पाय पडायचा. पंख उघडायचा म्हटला तर जाळीला लागायचा. त्यांचं दुपारचं कुरकुरणं बंद झालं, आणि मधेच एकीची किंकाळी ऐकू यायला लागली.

माय तेव्हा पोटुशी होती, आठवा लागला होता. माझ्यामागची दोन बाळं जन्मतानाच गेली होती, आणि दुसऱ्या वेळी मायही जाता जाता वाचली होती. या वेळी गल्लीतल्या बायका माझ्यासमोर बोलताना एकदम थांबायच्या. पण मला ऐकू आलं होतं. "या खेपेला एकतर लेकरू, नाहीतर ती." हे मी कोणाला विचारणार? मी मायच्या मागं मागं फिरायची. ती संडासला गेली तरी बाहेर उभी.

मायनं गावच्या मरीमायला नवस केला. धडपणी सुटले तर तुझ्या नावाची कोंबडी जिवंत आणून तुझ्या पायाशी सोडीन. आणि पांढरीला निवडलं. नवसाचं जनावर धड लागतं, कुठं खोड चालत नाही, आणि पांढरी आमच्यात सगळ्यांत देखणी. रोज सकाळी देवाला दिवा लावून झाला की माय बाहेर यायची. तिला वाकवत नसे, म्हणून खुराडा मी उघडायची. पांढरीला दोन्ही हातांत धरायची आणि माय तिच्या डोक्यावर तुऱ्याच्या मागं कुंकवाचं बोट टेकवायची. माझ्या तळव्याला पांढरीच्या छातीतली धडधड लागायची. "ती देवीनी शे," माय म्हणायची, "तिले जप." मला एवढंच कळलं होतं की ही कोंबडी आहे तोवर माय आहे.

आणि दुसऱ्याच आठवड्यात पांढरीला जखम झाली.

डोक्यावरची पिसं गेली होती आणि तिथं रक्ताचा थेंब. मायचा चेहरा उतरला. "काय चुकनं मन्हं?" एवढंच ती म्हणाली. तिनं जखमेवर हळद दाबली आणि वरून आणखी कुंकू लावलं, रोजच्यापेक्षा मोठं. संध्याकाळी जखमही मोठी झाली. मग रोज हेच. जखम वाढली की कुंकू वाढायचं. पांढरी कोपऱ्यात डोकं खुपसून उभी राहायला लागली. दाणे टाकले तरी ती येईना.

मी शाळेला दांडी मारून जिन्याखाली बसले. म्हटलं, मांजर येतं का, घूस येते का, बघूच. काही आलं नाही. सकाळी माय कुंकू लावून आत गेली, आणि खुराड्यातल्या सगळ्या माना हळूच एकाच बाजूला वळल्या. आधी तांबडीनं टोच मारली, उगाच मारल्यासारखी. मग काळीनं. मग त्या म्हातारीनंसुद्धा, जिच्यावर माझा एवढा जीव. त्या रागावलेल्या नव्हत्या, तेच मला सहन झालं नाही. दाणे टिपावेत तशा त्या टिपत होत्या. पांढरीला पळायला एक पाऊलभर जागा नव्हती.

शेजारच्या खोलीत परभणीकडच्या गयामावशी राहायच्या. आमच्या दोन खोल्यांना मिळून एकच ओटा. त्यांच्या गावी वीस-वीस कोंबड्या असायच्या म्हणे. मी त्यांना नुसतं विचारलं, कोंबड्या एकमेकींना का टोचतात? त्या तांदूळ निवडत होत्या. "जागा नसली की टोचतात बघ. आन् त्यात कुठं लाल दिसलं, मग तर सोडीतच न्हाईत. येडी, एवढ्याशा खोक्यात दुसरं करावं तरी काय त्यांनी? माझी माय म्हणायची, कोंबडीनं दोन्ही पंख उघडून जागच्या जागी एक गिरकी घेतली पाहिजे. तेवढी जागा एकीची. त्याच्या खाली आली की त्या कोंबड्या ऱ्हात न्हाईत."

लाल. म्हणजे मायचं कुंकूच तिला मारत होतं.

हे मायला कसं सांगणार? देवीचं कुंकू चुकलं, असं म्हणायचं? आठव्या महिन्यात? मग मी दुसरंच केलं. माय भाकरीला बसली की मी खुराडा उघडायची, अंगठा थुंकीनं ओला करायची आणि पांढरीच्या डोक्यावरचं कुंकू पुसायची. सांगायला सोपं आहे. त्याच वर्षी समोरच्या खोलीतल्या बाईचा नवरा गेला होता, आणि म्हाताऱ्या बायकांनी तिचं कुंकू पुसलं तेव्हा मी खिडकीला लोंबकळून पाहिलं होतं. कुंकू पुसणं म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून पुसताना मी डोळे घट्ट मिटायची आणि म्हणायची, मरीमाय, माझ्यावर घे, आबांवर नको, मायवर नको. अंगठा लाल व्हायचा. तो मी फ्रॉकच्या आतल्या बाजूला पुसायची. फ्रॉक धुवायला टाकायचीही मला भीती.

पांढरी सुधारायला लागली. खपली धरली. मी मनात नाचत होते. पण आता माय बिघडली.

तिला दिसत होतं ना! सकाळी लावलेलं कुंकू तासाभरात नाहीसं. सांडलेलं नाही, पसरलेलं नाही, आहे कुठं तर नाहीच. पहिल्या दिवशी तिनं कुंकू बोटांत चोळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं दोनदा लावलं, मी दोनदा पुसलं. तिसऱ्या दिवशी ती गयामावशींना हळू आवाजात म्हणाली, "देवी टिळा लेत नही वं बाई." त्या दिवशी तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटात तसाच ठेवला. एक हात सतत पोटावर. रात्रपाळीहून आलेल्या आबांना तिनं विचारलं, मला काही झालं तर पोरीचं काय करशाल? आबा हसून म्हणाले, "काय येडी का खुळी." पण ताट त्यांनी अर्ध्यावरच सारलं.

मी ऐकत होते. पुसलं तर माय भीतीनं मरणार, नाही पुसलं तर पांढरी मरणार, आणि पांढरी मेली म्हणजे माय मेलीच. नऊ वर्षांच्या डोक्यात यातून वाट निघत नव्हती. आज वाटतं, सांगून टाकायचं होतं गं, तोंड होतं ना तुला. पण भ्यालेल्या माणसाचं तोंडच आधी बंद होतं.

एका मंगळवारी मी नाही पुसलं. माय त्या टिळ्याकडे दर थोड्या वेळानं येऊन बघायची, आणि तो असलेला पाहून तिच्या तोंडावर जरासा रंग यायचा. त्या रंगासाठी मी हात आवरला. शाळेत गेले. दुपारी परत आले तर पांढरी खाली पडलेली होती. तिच्यावर बाकीच्या उभ्या होत्या. डोक्याचं काही विचारू नका.

मी अशी किंचाळले की लूमच्या खडखडीतही आत ऐकू गेलं. माय पोट सावरत धावत आली. पांढरी माझ्या मांडीवर, माझे हात लाल, आणि माझ्या तोंडून सगळं एकदम बाहेर पडलं. कुंकू मी पुसायची, रोज मीच पुसायची, देवीनं नाही गं माय, लाल दिसलं की त्या टोचतात, त्यांना जागा नाही, तू मरशील ना, बायका म्हणतात तू मरशील. मायनं एक सणसणीत मारली. माझा गाल अजून सांगेल कुठं बसली ते. मग तिनं माझा हात ओढून पाहिला. अंगठ्याच्या नखात कुंकू होतं, किती दिवसांचं, बसून बसून काळपट झालेलं.

ती ओट्यावर मटकन बसली. मला वाटलं आता दुसरी बसणार. तिनं मला कोंबडीसकट जवळ ओढलं.

"भ्याव वाटस का वं पोरी?"

मी मान हलवली.

"माले बी वाटस," माय म्हणाली.

आईला भीती वाटते हे मला माहीतच नव्हतं. ती ते म्हणाली, आणि का कोण जाणे, माझे दात वाजायचे थांबले. आम्ही दोघी तिथं किती वेळ बसलो. पांढरी मांडीवर धपापत होती. म्हणजे होती.

संध्याकाळी आबा आले तेव्हा माय त्यांना म्हणाली, ओटा बंद करा. आबांना कळेना. त्या ओट्यावर बायका बसायच्या, लसूण सोलायच्या, एकमेकींच्या उवा काढायच्या, मायचं सगळं जग तेवढंच. तो कोंबड्यांना द्यायचा. गयामावशींचाही अर्धा. गयामावशी म्हणाल्या, "द्या की. हितं बसून तरी आपण लोकांचीच उणीदुणी काढतो." आबांनी बांबू रोवले, जुनी जाळी ताणली, वर पत्रा टाकला. एका घमेल्यात चुलीची राख ठेवली, त्यात लोळायला. बसायला आडवी दांडी. गयामावशींनी तांबडीला उचलून आत सोडलं आणि म्हणाल्या, आता बघा. तांबडी जरा उभी राहिली. मग दोन्ही पंख उघडले आणि गिरकी घेतली. कशाला लागली नाही.

पांढरीला आठ दिवस वेगळं ठेवलं, बांबूच्या डालग्याखाली. डोक्याला नुसती हळद. कुंकू मायनं पुन्हा लावलं नाही. "देवीले हळद बी चालस," ती म्हणाली. ती स्वतःला सांगत होती की मला, कोण जाणे. नवसाच्या कोंबडीला खोड लागली होती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मायला दवाखान्यात नेलं तो दिवस, आणि त्यानंतरचे दोन. मी जाळीला नाक लावून बसून होते. पांढरी राखेत लोळत होती, डोक्यावर बारीक नवी पिसं. तिनं खाल्लं की मी खायची. तिसऱ्या दिवशी दुपारी आबा आले, भुवयांवर तंतू नव्हते, म्हणजे कामावर गेले नव्हते. मी जाळीत बोटं घट्ट अडकवली. ते खाली बसले आणि म्हणाले, "सुटली. मुलगी शे." मी विचारलं, आणि माय? ते हसले. "तीच विचारी राहिनी, कोंबडी कशी शे म्हणून."

ती मुलगी म्हणजे सुमी. सवा महिन्यानं पांढरीला आम्ही गावी नेलं. मरीमायच्या पारावर मायनं तिला सोडलं. डोक्यावर एका ठिकाणी पीस आलं नव्हतं ते नव्हतंच. पांढरी दोन पावलं चालली, पंख झटकले आणि बाभळीखाली माती उकरायला लागली, मागं वळून न बघता. माय मात्र वळून वळून बघत होती.

हे सगळं त्या गंजलेल्या दाराला धरून काल शिडीवर आठवलं. खाली उतरले. मायच्या खोलीची कडी बाहेरून लागलेली होती. मी घरात असतानाही ती लागलेली होती. कधीपासून ते सोडाच, ती लागलेली आहे हेच माझ्या लक्षात नव्हतं. कडी काढली. माय पलंगाच्या कडेला बसून दाराकडे बघत होती, आणि उजव्या हाताचं नख डाव्या हातावर होतं. लाल. मी तिथंच उभी राहून रडले.

आज सकाळी मी कामावर गेले नाही. कडीचे स्क्रू मीच काढले. आठ दिवसांचेच, पण त्या माणसानं घट्ट आवळलेले, म्हणून वेळ लागला. दार उघडं टाकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं मायची पावलं वाजली. ती बाहेरच्या दाराशी गेली. ती जिना उतरली, कठड्याला धरून, एकेक पायरी. मी तिच्या चपला हातात घेऊन मागं. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडली. रस्त्यावर रिक्षा, टेम्पो, शाळेच्या गाड्या. एकेक हॉर्न माझ्या छातीत वाजत होता. वीस पावलं अंतर ठेवून मी चालत होते, आणि खरं सांगते, इतकी भीती मला त्या जिन्याखालीही वाटली नव्हती. कडी होती तेव्हा निदान ती होती. आता ती कुठंही जाऊ शकत होती. उद्या मी काय करणार, कामाचं काय, सुमीकडे कामरेजला अंगण आहे तिथं न्यावं का, काहीच ठरलेलं नाही.

कोपऱ्यावर एक मोकळा प्लॉट आहे. तिथं माय थांबली. कचरा, दोन कुत्री आणि सकाळचं ऊन. तिनं दोन्ही हात बाजूला पसरले, आळस द्यावा तसे, आणि सावकाश वळली. वळता वळता मी दिसले.

गेले सहा महिने ती मला नावानं ओळखत नाही. कधी गयाबाई म्हणते, कधी नर्स. तिनं बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी चपला छातीशी धरून उभी.

"भ्याव वाटस का वं पोरी?"

"हो माय," मी म्हटलं. "खूप."

"माले बी वाटस," ती म्हणाली, आणि चट्ट्यांचा तो हात तिनं माझ्यापुढं केला. "चाल."